कुलपाचा पहिला प्रश्न

१

ज्या खोलीचा आकडा सव्वीस वर्षं उणे अठरावरून हलला नव्हता, तिच्या दारावर सोमवारी सकाळी आठ वाजता एकसष्ट दिसत होते. उणे वगैरे काही नाही, नुसते एकसष्ट. मेकॅनिकने दार ओढलं, गरम हवा तोंडावर आली आणि तो तिथेच मटकन खाली बसला. या मेकॅनिकला सगळे थंडोबा म्हणतात. सव्वीस वर्षं त्याने ती खोली तान्ह्या मुलासारखी सांभाळली होती.

आत साडेतीन हजार पाकिटं होती, आणि प्रत्येक पाकिटात बियाणं. दुष्काळात तगणारं, खाऱ्या जमिनीत उगवणारं, कुणीच आता पेरत नाही असं. एकेचाळीस नंबरचं धान्य ज्या खोऱ्यात पिकायचं ते अख्खं खोरं धरणाखाली गेलं. आता ते फक्त या खोलीतल्या एका पाकिटात उरलं होतं.

हे सगळं जमवलं माझ्या थोरल्या बहिणीने. ताई इथल्या संस्थेत या बियाणे विभागाची प्रमुख. माझ्या लग्नाला ती दुपारी उगवली, कारण सकाळी तिने कुठलंसं बी वाळत घातलं होतं. बायको अजून टोमणे मारते.

आतले बर्फ वितळवायचे हीटर लावून खोली तापवायचा हुकूम कुणाच्या नावाने गेला, ते शीतखोलीचं तापमान सांभाळणाऱ्या पेटीत नोंदलेलं होतं: ‘किल्ली: प्रमुख. उत्तर बरोबर.’ भिंतीवरच्या तापमापीचा आलेख सांगत होता की पारा चढायला लागला तो रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी.

रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ताई ऑपरेशनच्या टेबलावर होती, डोळ्याचा पडदा शिवून घेत. तिची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती.

आणि मी कोण? माझं बाजारात तीस वर्षं दुकान आहे. मी किल्लीवाला.

२

“किल्लीवाल्याच्या खिशात किल्ली,” संचालक म्हणाले, “आणि इकडे कुलूप उघडलं. आम्ही काय समजायचं?”

मी खिशातून ती वस्तू काढून टेबलावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी काळी पट्टी, मधोमध सोनेरी टिकली. दात नाहीत, खाच नाही. तीस वर्षांच्या धंद्यात हिला किल्ली म्हणायला माझं मन धजावलं नव्हतं.

“हिची नक्कल होते का?” मी विचारलं.

“नाही होत,” कोपऱ्यातून आवाज आला. ती प्रोग्रामर. काम करताना पडद्याशी सारखी काहीतरी पुटपुटते म्हणून तिचं नाव पुटपुटी. पेटीतला सगळा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. डोळे रडून लाल झाले होते. “आत एक गुपित आकडा असतो काका, तो बाहेर काढताच येत नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर हुकूम टाइप केला की पेटी एक प्रश्न विचारते. लांबलचक, अक्षरं-आकड्यांचा. किल्ली लुकलुकते. टिकलीला बोट लावलं की किल्ली तो प्रश्न आतल्या गुपिताशी घोळवते आणि उत्तर देते. पेटी उत्तर तपासते आणि हुकूम मानते.”

“आणि कुणी ते उत्तर चोरून ऐकलं तर?”

“उपयोग काय? पुढच्या वेळी प्रश्नच वेगळा असतो. कालचं उत्तर आज चालत नाही.”

संचालकांनी हात झटकले. “म्हणजे ही किल्ली आणि जिवंत बोट, दोन्ही लागतं. बोट तुमचं नाहीतर तुमच्या बहिणीचं. उद्या सकाळी दहाला बाहेरचे तपासनीस येतायत, नमुने नेऊन उगवून बघायला. त्यांच्यासमोर मला कुणाचं तरी नाव घ्यावं लागेल. आणि धोक्याचा फोन कुणाच्या नंबरवर जातो, ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक होतं. तो ताईच्या फोनवर जातो. दवाखान्यात शिरताना तो मीच बंद केला होता आणि सोमवारी सकाळपर्यंत माझ्या पिशवीत विसरलो होतो. एकवीस तास खोली भाजत होती आणि फोन माझ्या पिशवीत मेल्यासारखा पडला होता.

“मला उद्या दहापर्यंत वेळ द्या,” मी म्हणालो. “आणि इमारत बघू द्या.”

“तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?”

“काही नाही. कुलपातलं कळतं.”

३

रविवारी फाटकाच्या वहीत तीनच नावं होती: पुटपुटी, थंडोबा आणि उपप्रमुख. उपप्रमुखांना मागे सगळे इस्त्री म्हणतात. त्यांच्या शर्टाला मी कधी चुणी पाहिलेली नाही.

पॅसेजमध्ये शिरलो आणि सवयीने घड्याळ पाहिलं. भिंतीवरचं विजेचं घड्याळ माझ्या मनगटावरच्यापेक्षा तीन मिनिटं मागे होतं.

“अहो, शनिवारी संध्याकाळी मीच लावलंय ते,” रखवालदार म्हातारा दुखावल्यासारखा म्हणाला. “रेडिओच्या ठोक्याला. सेकंद चुकायचं नाही.”

घड्याळ ज्या लाइनवर, त्याच लाइनवर शीतखोलीची पेटी. बटण पॅसेजच्या टोकाला, उघड्यावर. हे थंडोबाने दाखवलं.

“मी आलो होतो रविवारी, खोटं कशाला बोलू? मागच्या पंख्याला तेल दिलं आणि साडेदहाला गेलो. पेटीला हात नाही लावला. ती अडली की आमचं औषध एकच, बंद करून चालू कर. इथे सगळे तेच करतात. तिच्यातला घड्याळाचा सेल मेलाय ना, बंद केली की तारीख परत पहिल्या दिवसावर. तीनदा लिहून दिलं, सेल बदला म्हणून.”

त्याने वही दाखवली. तीन वेळा ‘सेल बदलणे’, आणि शेजारी तिन्ही वेळा एकाच सुबक अक्षरात ‘सध्या नको’.

ते अक्षर इस्त्रीचं होतं. त्यांची खोली चकचकीत होती. पेन्सिली एका उंचीच्या. त्यांनी मला पाणी दिलं, ताईच्या डोळ्याची चौकशी केली आणि खरोखर डोळे पुसले.

“मी रविवारी काचघरात झाडांना पाणी घालत होतो. असं काही होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं हो. मॅडमनी आयुष्य घातलंय इथे. आणि तपासनीस उद्याच यायचे!” ते कपाटाला टेकले. “दरवर्षी मी स्वतः चाचणी घेतो. प्रत्येक पाकिटातले दहा दाणे ओल्या कागदावर. शंभरात नव्वदच्या खाली कधी आकडा गेला नाही. आणि आता सगळी राख.”

ज्या कपाटाला ते टेकले होते त्यावर पाटी होती: उगवण कपाट. त्याच्या पितळी कुलपाकडे माझी नजर गेली. नजर तिथेच जाणार, धंदाच तो. आणि मी जे पाहिलं त्याने माझा हात पाण्याच्या ग्लासावरच थांबला.

पाणी प्यायलो आणि निघालो.

४

ताई माझ्या घरी पालथी पडलेली होती. दहा दिवस पालथं राहायचं, तोंड खाली, असा डॉक्टरांचा हुकूम. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने तिला आधीपासूनच धूसर दिसतं. बायकोने दोन उशांमध्ये तिच्या तोंडाला जागा करून दिली होती. ताईशी बोलायचं तर जमिनीवर उताणं पडावं लागत होतं. मी पडलो.

बातमी मी सकाळीच सांगून गेलो होतो. आता ती म्हणाली, “एकसष्ट म्हणजे एकसष्टच का रे? तू नीट वाचलंस?”

“वाचलं ताई.”

“नीट वाळवलेलं बी बरंच सोसतं. ओलसर राहिलं असेल तर मात्र गेलं. कसं वाळवलंय त्यावर आहे सगळं.” तिचा आवाज उशीत बुडाला. “एकेचाळीस मी स्वतः वाळवलं होतं.”

“वाळवायचं काम आता कोण बघतं?”

“पाच वर्षं झाली, उपप्रमुखच. कामाला चोख आहेत.”

“आणि चाचणीचे अहवाल?”

“तेही तेच करतात. माझ्यासमोर पडद्यावर येतात, किल्ली लुकलुकते, मी बोट लावते.”

“वाचून?”

तिचं बोट उशीची शिवण कुरतडायला लागलं. मी विषय बदलला. “ताई, ही किल्ली तू कधी दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरला लावलीस?”

“नाही. हां, एकदाच. फेब्रुवारीत. पेटी अडकली होती, थंडोबाने बंद करून चालू केली. परत उणे अठरा लावायचे होते आणि माझा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला. मग उपप्रमुखांनी त्यांचा लॅपटॉप दिला. एकदाच बोट लावलं रे. त्याने काय होतंय? दर वेळी प्रश्न वेगळा असतो ना?”

मी जमिनीवरून उठून बसलो.

दुकानात येणारी माणसं कायम किल्लीबद्दल बोलतात. किल्ली हरवली, किल्ली चोरली, किल्ली कुणी पाहिली. तीस वर्षांत मी एक शिकलोय: किल्ली धड असूनही दार उघडलं असेल, तर कुलूप बघायचं. आणि सकाळपासून आम्ही सगळे त्या काळ्या पट्टीकडेच टक लावून बसलो होतो. कुलपाला कुणी विचारलंच नव्हतं.

५

“पेटीने आजवर विचारलेले सगळे प्रश्न मला दाखव,” मी पुटपुटीला म्हणालो.

“सगळे? काका, हजारो असतील. अन् त्यात कळण्यासारखं काही नसतं.”

“मग फक्त बंद करून चालू केल्यानंतरचे. दर वेळचा पहिला प्रश्न.”

तिने खांदे उडवले आणि कळा बडवायला लागली. “या वर्षी चार वेळा बंद केली होती. आणि रविवारी पण! नोंद बघा, रविवारचा हुकूम पेटीच्या हिशेबाने पहिल्याच दिवशी शून्य वाजून चार मिनिटांनी. म्हणजे नुकतीच चालू झाली होती. मला वाटलं, घड्याळ नेहमीसारखं भरकटलंय.”

“म्हणून पॅसेजमधलं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे,” मी म्हणालो. “बटण कुणीतरी बंद केलं, थांबलं, चालू केलं.”

“पण कशाला? त्याने दार थोडंच उघडतं?”

पडद्यावर पाच ओळी आल्या. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण किल्लीचे दात जुळवायला अक्षर कळावं लागत नाही. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग पाचव्या.

“सात एफ तीन,” मी वाचलं. “सात एफ तीन. सात एफ तीन. पोरी, हे सगळं एकच आहे.”

पुटपुटीचं पुटपुटणं थांबलं. तिने पाचही ओळी बोट फिरवत पुन्हा वाचल्या.

“अगंबाई,” ती म्हणाली. “अगंबाई, हे मी केलंय.”

तिला सांगायला वेळ लागला, कारण ती मध्येच हुंदके देत होती. प्रश्न अंदाज न येणारे हवेत, म्हणून ते बनवायची सुरुवात तिने पेटीच्या घड्याळावरून केली होती. घड्याळ चालू आहे तोवर ठीक. सेल मेला, आणि दर वेळी चालू केल्यावर घड्याळ त्याच क्षणापासून सुरू व्हायला लागलं. घड्याळ तेच, म्हणून पहिला प्रश्नही तोच. आणि उत्तर फक्त ‘मीच आहे’ एवढंच सांगतं. हुकूम उणे अठराचा की साठाचा, याचा त्यात पत्ता नसतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदा ज्याच्या हाती पडलं, त्याने पेटी बंद करून चालू करायची आणि तेच उत्तर पुन्हा द्यायचं. किल्ली नको आणि बोट नको.

“उत्तर पेटीत साठतं का?”

“नाही, ते मी मुद्दाम ठेवलेलं नाही. फक्त प्रश्न आणि कुणाची किल्ली ते.” तिने डोळे पुसले. “पण ज्या कॉम्प्युटरला किल्ली लावली, त्याच्यात प्रश्न-उत्तर दोन्ही उरतं.”

“त्या चार वेळी उत्तर कुणी दिलं?”

तिने वाचलं. दोनदा थंडोबाची किल्ली, त्याच्या कॉम्प्युटरवरून. एकदा इस्त्रीची. एकदा ताईची, फेब्रुवारीत.

“प्रत्येक किल्लीचं उत्तर वेगळं ना?”

“हो. प्रश्न तोच असला तरी.”

“मग या पहिल्या प्रश्नाचं ताईचं उत्तर एकाच कॉम्प्युटरने ऐकलं.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नाव दोघांनीही घेतलं नाही. ते घ्यायला भीती वाटत होती. ज्या माणसाने दुपारी माझ्यासमोर डोळे पुसले होते त्याचं ते नाव होतं.

“पण का, काका?” पुटपुटी म्हणाली. “ते तर आमच्यात सगळ्यांत जास्त जीव लावून काम करतात.”

“ते उद्या एक कुलूप सांगेल,” मी म्हणालो.

६

मंगळवारी दहा वाजता उपप्रमुखांच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे होतो: संचालक, दोन तपासनीस, थंडोबा, पुटपुटी आणि मी. इस्त्री नेहमीसारखे कडक.

पुटपुटीने पाच ओळी दाखवल्या आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. इस्त्रींनी शांतपणे ऐकलं.

“माझ्या लॅपटॉपला मॅडमची किल्ली लागली होती, खरं आहे,” ते म्हणाले. “मदत केली, हा गुन्हा झाला? मी कशाला माझंच काम जाळीन? दर वर्षीचे आकडे बघा. नव्वदच्या वर.”

हाच प्रश्न मला हवा होता.

“साहेब, तुम्ही चाचणी याच कपाटात घेता ना?” मी विचारलं.

“अर्थात.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

“जरा उघडून दाखवता?”

त्यांनी कमरेचा जुडगा काढला. किल्ली कुलपात अर्धीच गेली. त्यांनी काढली, पुसली, पुन्हा घातली. त्या कुलपाचं तोंड धुळीने लिंपलेलं होतं आणि कडेला हिरवं चढलं होतं. रोज हाताळलेलं पितळ पिवळं असतं. या कुलपात किल्ली फिरून वर्षं झाली होती, हे मला काल पाणी पिता पिताच दिसलं होतं.

इस्त्रींनी जोर केला. त्यांच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग उमटला. मग खटकन आवाज झाला आणि किल्लीचा मागचा तुकडा त्यांच्या हातात आला.

“राहू द्या, मी उघडतो,” मी म्हणालो.

मी पिशवीतून हत्यारं काढली आणि कपाट उघडलं. आत चाचणीच्या कागदाचे गठ्ठे होते, वेष्टनही न फाडलेले, वर चार वर्षांपूर्वीचा शिक्का. ताटल्या कोरड्या ठणठणीत. एका ताटलीत मात्र दाणे होते, कागदाला चिकटून काळे पडलेले. एकालाही कोंब नव्हता.

“साहेब, ही शेवटची चाचणी ना?” मी हळूच विचारलं.

ते खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांचा शर्ट चुरगळलेला दिसला.

“त्या वर्षी वाळवायचं यंत्र बिघडलं होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय. ओलसरच आत टाकलं. वर्षाने चाचणी घेतली. एक दाणा उगवेना. मॅडमना सांगायला दारापर्यंत गेलो होतो, खरंच गेलो होतो.” त्यांनी कोंब नसलेल्या ताटलीकडे पाहिलं. “मग दर वर्षी आकडे लिहीत गेलो. पुढचंही तसंच आत टाकत गेलो, कारण यंत्र दुरुस्त करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि आता हे तपासनीस उगवून बघणार होते.”

“म्हणून सगळंच भाजलंत?” थंडोबा ओरडला. “चांगलं होतं तेही?”

“मेलेलं कशाने मेलं ते कळू नये म्हणून,” इस्त्री म्हणाले. “सगळंच मेलं असतं तर कुणी विचारलं नसतं.”

थंडोबा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. संचालक माझ्याकडे वळले, काहीतरी माफी मागायला. मला ती ऐकवेना. माझी बहीण सुटली होती. पण हे तिला जाऊन सांगायचं कसं, याचाच मला धसका बसला होता.

७

मी पुन्हा जमिनीवर उताणा पडलो आणि सगळं सांगितलं.

“रविवारचं बोट माझं नव्हतं,” शेवटी ती म्हणाली.

“नव्हतं ताई.”

“पण चार अहवालांवरचं माझंच होतं. खरी किल्ली, खरं बोट. लुकलुकलं की लावलं.” उशीवर ओला डाग पसरत होता. “त्याने चार वर्षं खोटं लिहिलं, आणि मी चार वर्षं ‘मीच आहे’ म्हणाले. हे संचालकांना लिहून दे. माझ्या नावाने.”

“कशाला? तुझ्यावर काही राहिलेलं नाही आता.”

“लिहून दे म्हणते ना.”

मी लिहून दिलं.

उगवण कपाटाला मी नवं कुलूप बसवलं. तपासनिसांनी आणि थंडोबाने मिळून हजारो ताटल्या मांडल्या. पाच वर्षांतली अकराशे पाकिटं गेलेलीच होती, त्यांतून काही उगवलं नाही. जुन्यातलीही कितीतरी भाजली होती. दहा दिवस सरल्यावर ताईला उठून बसायची परवानगी मिळाली, आणि थंडोबा एक ताटली दोन्ही हातांत धरून माझ्या घरी आला. वर चिठ्ठी होती: एकेचाळीस.

“किती?” ताईने विचारलं.

“तुम्हीच मोजा मॅडम,” थंडोबा म्हणाला.

तिने बोट पुढे केलं. इतक्या हळू की मला वाटलं, लागतच नाहीये. ओल्या कागदावरून ते बोट एकेका दाण्यापाशी थांबत गेलं. दुसऱ्या दाण्यावर एक बारीकसा पांढरा कोंब त्या बोटाखाली वाकला आणि परत सरळ झाला. ताईच्या तोंडून आवाज निघाला, तो हसण्याचा होता की रडण्याचा ते मला कळलं नाही.

“चार,” ती म्हणाली. “दहातले चार.”

संध्याकाळी पुटपुटी लॅपटॉप घेऊन आली. नवा सेल, नवे प्रश्न, आणि नव्या चाचणीचा अहवाल, साडेतीन हजार ओळींचा. प्रमुखांची सही हवी होती. तिने किल्ली लावली आणि ती लुकलुकायला लागली.

ताईचं बोट सवयीने पुढे गेलं, आणि मध्येच थांबलं. तिने हात मांडीवर ठेवला.

“दादा, वाच,” ती मला म्हणाली. धाकट्याला दादा ती फक्त लाडात आल्यावर म्हणते. “पहिल्या ओळीपासून.”

“मॅडम, अर्ध्या मिनिटात लाइट विझेल,” पुटपुटी म्हणाली. “मग सगळं परत करावं लागेल.”

“विझू दे.”

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. पाकीट क्रमांक एक, दहापैकी शून्य. पाकीट क्रमांक दोन, दहापैकी सहा. किल्ली थोडा वेळ लुकलुकली आणि विझली. कुणी तिला हात लावला नाही.